मुका पट्टा

भीमराज पातारेनं उमेदीची अठरा वर्षं दुसऱ्यांच्या भाषणाची वाट बघण्यात घालवली. सोनईच्या एका मंडपवाल्याकडं तो स्पीकर लावायचा. लग्न असो, पतसंस्थेचं उद्घाटन असो, शाळेचं गॅदरिंग असो; सकाळी सातला वायरी ओढायच्या, कर्णे बांधायचे आणि प्रमुख पाहुणे येईस्तोवर ‘हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग’ करत उभं राहायचं. आणि पाहुणे कधी वेळेवर आलेत का आपल्याकडं? अकराचा कार्यक्रम दोनला. लेकरं पेंगायची, बाया पदरानं वारं घ्यायच्या, पण पाहुण्याच्या आधी नारळाला हात लावायची कुणाची टाप नसायची. त्या अठरा वर्षांत भीमराजचा कान असा तयार झाला, की नुसत्या खरखरीवरून वायर कुठं ढिली आहे ते तो सांगायचा. आणि पाहुणा आल्याबिगर काही सुरू करायचं नाही, हे त्याच्या हाडात मुरलं.

पुढं डीजे आले. मंडपवाल्यानं भला मोठा सेट घेतला, तो वाजवायला चार पोरं ठेवली आणि भीमराजला घरी बसवलं. दोन-तीन वर्षं त्यानं मिळेल ती मजुरी केली. अशातच पुण्याची एक संस्था इकडच्या उसातल्या बिबट्यांचा अभ्यास करायला आली. दीपा मॅडम म्हणून एक अभ्यासक बाई होत्या, तिशीच्या आतल्या. एक दिवस त्यांच्या रेडिओच्या पेटीचा आवाज गेला. कंपनी बंगळूरला, दुरुस्तीला महिना लागणार. चहाच्या टपरीवर कुणीतरी भीमराजचं नाव घेतलं. त्यानं पेटी कानाला लावली, अँटेनाची वायर बोटांनी चाचपली, एका जागी थांबला आणि म्हणाला, “हितं तुटलीय आतून.” सोल्डरिंगचा डाग देऊन पाच मिनिटांत चालू करून दिली. मॅडमनी त्याला त्याच आठवड्यात कामावर घेतलं.

काम काय, तर बिबट्याच्या गळ्यात जो पट्टा घालतात त्याचा माग काढायचा. पट्ट्यात काडेपेटीएवढं यंत्र असतं. ते सारखं रेडिओवर ठोके सोडत राहतं. प्रत्येक पट्ट्याचा नंबर वेगळा. पेटीवर तो नंबर लावायचा, माशाच्या काट्यासारखी अँटेना हातात धरून गोल फिरायचं. जिकडं टिक-टिक मोठी, तिकडं बिबट्या. भीमराज महिन्याभरात मॅडमपेक्षा हुशार झाला. ऊन तापलं की नंबर थोडा सरकतो, मग बटण केसभर खालीवर करून बघावं लागतं. उंचावर चढलं की लांबचं ऐकू येतं. विजेच्या तारेखाली उभं राहिलं तर नुसती खरखर. हे सगळं त्यानं कानानं ओळखलं.

आणि एक गोष्ट मॅडमनी त्याला पहिल्याच दिवशी सांगितली होती. नवीन पट्ट्यावर चिकटपट्टीनं एक चुंबक लावलेलं असतं. ते जागेवर असेतोवर यंत्र झोपलेलं, म्हणजे बॅटरी वाया जात नाही. चुंबक काढलं की यंत्र जागं होतं. काढायचं, पेटी जवळ धरायची, ठोके ऐकायचे, वहीत वेळ लिहायची, आणि मगच पट्टा जनावराच्या गळ्यात. “यातलं एकही मागंपुढं करायचं नाही, भीमराजभाऊ,” मॅडम म्हणाल्या होत्या.

पहिला पट्टा एका नर बिबट्याला घातला होता. दीड वर्ष तो बिनबोभाट चालला. भीमराज राहायचा त्या बारवेच्या वस्तीच्या तिन्ही बाजूंनी ऊस, चौथ्या बाजूनं कालवा. इकडं बिबट्याला वाघच म्हणतात. रोज सकाळी भीमराज खाकी शर्ट घालून पाण्याच्या टाकीवर चढायचा आणि अँटेना फिरवायचा. खाली गवताला निघालेल्या बाया विळे-दोऱ्या घेऊन थांबलेल्या असायच्या. सगळ्यांत पुढं बायडाबाई. साठीची बाई, चार शेरड्या आणि एक म्हैस, नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, तोंडानं फटकळ.

“भीमा, कुठशीक हाय रं आज ते?”

“इकडं न्हाई मावशी. जा बिनघोर.”

किंवा म्हणायचा, “आज खालच्या उसात हाय. जाऊ नका.” मग बाया खरंच जायच्या नाहीत. बायडाबाई बडबडायची, “मेल्याला माझ्याच बांधाचं गवत दिसलं व्हय,” पण मागं फिरायची. दीड वर्षात वस्तीवरच्या माणसाला ओरखडा उमटला नाही.

आता या माणसाला काय वाटत असेल, विचार करा. अठरा वर्षं ज्याच्या हातात माइक होता पण हॅलोच्या पुढं एक शब्द बोलायची मुभा नव्हती, त्याच्या तोंडाकडं आता पंधरा-वीस माणसं टक लावून बघायची. पाटलाची सून त्याला विचारून पाऊल उचलायची. गीताबाई, त्याची बायको, त्याला हसायची. म्हणायची, “लई ताठ चालाय लागलाय जनू.” चालत होताच तो ताठ. का चालू नये?

दीड वर्षानं तो पट्टा ठरल्याप्रमाणं आपोआप गळून पडला. मग कार्तिकात एक मादी विहिरीत पडली. तिला वर काढून पिंजऱ्यात ठेवलं; पट्टा घालून कालव्यापलीकडच्या माळावर सोडायचं, असं ठरलं. एवढं साधं काम. पण संस्थेचे तालुक्याचे व्यवस्थापक होते काकासाहेब. त्यांनी त्याचा समारंभ केला. शाळेच्या मैदानात मंडप घातला, बॅनर लावला. एका मोठ्या पुढाऱ्याला बोलावलं आणि पत्रिकेत छापलं, ‘चुंबक काढून प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्याचा शुभारंभ’. आपल्याकडं पाण्याच्या टाकीचा कॉक फिरवायलासुद्धा पाहुणा लागतो, तर बिबट्याचा पट्टा काय सुटणार! पेटी आणि अँटेना टेबलावर मांडून त्यांना हळदी-कुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला.

पाहुण्यांची वेळ दहाची. जनावरांच्या डॉक्टरांनी साडेनऊला मादीला भुलीचं इंजेक्शन दिलं. मैदानाच्या कडेला ताडपत्रीच्या सावलीत तिला आडवं केलं, डोळ्यांवर फडकं बांधलं. दीपा मॅडम तिच्या डोक्याशी बसून श्वास मोजत होत्या. भीमराजनं पट्टा हातात घेतला आणि चिकटपट्टीला नख लावलं.

“ए, थांब,” काकासाहेब हळूच म्हणाले. “ते पाहुण्यांच्या हस्ते आहे. तू नुसता पट्टा घाल.”

“पर साहेब, आधी चुंबक काढून ऐकावं लागतं. पेटीबी तिकडं टेबलावर हाय.”

“दहा मिनिटांत गाडी येतीय. घाल म्हटलं ना.”

भीमराजनं पट्टा घातला. चुंबकासकट. अठरा वर्षांची सवय होती. पाहुणे येणार, मग सुरू होणार. त्यानं नट आवळले आणि उठून बाजूला उभा राहिला.

दहाचे अकरा झाले. पाहुण्यांचा पत्ता नाही, फोन उचलेना. मादी कान हलवायला लागली. डॉक्टर म्हणाले, आता पिंजऱ्यात घालायलाच पाहिजे. घातली. साडेअकराला ती उठून बसली आणि ताडपत्रीआडून गुरगुरायला लागली. ऊन चढलं. दीपा मॅडम भडकल्या. म्हणाल्या, जनावर तापतंय, मी कुणासाठी थांबणार नाही, गाडी लावा. टेम्पोत पिंजरा चढवला. पाय फळीवर ठेवताना त्यांनी विचारलं, “चुंबक काढलं ना? ठोके ऐकले?”

“हो मॅडम, सगळं ओके,” काकासाहेब म्हणाले.

मॅडमनी भीमराजकडं बघितलं. भीमराजनं मान खाली घातली, आणि त्यांना ती होकाराची वाटली. टेम्पो गेला. दुपारी मादीला माळावर सोडून मॅडम तशाच नगरला गेल्या. तिथून दोन महिने देहरादूनला, अभ्यासाचा शेवटचा भाग लिहायला.

टेम्पोची धूळ खाली बसत होती तोवर भीमराजनं विचारलं, “साहेब, चुंबक?”

“मी काढलं. गजातून हात घालून. ती गुंगीत होती तेव्हा.” काकासाहेबांनी त्याच्याकडं न बघताच सांगितलं.

हे खोटं आहे हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. गुरगुरत्या बिबट्याच्या पिंजऱ्यात हात घालणारा माणूस अजून नगर जिल्ह्यात जन्मायचाय. पण साहेब म्हणतात तर असेल, असं भीमराजनं स्वतःला समजावलं. पाहुणे सव्वाबाराला आले. काकासाहेबांनी कपाटातला जादा पट्टा ताटात घालून पुढं केला. पाहुण्यांनी त्याचं चुंबक ओढलं, भीमराजनं पेटीवर त्या पट्ट्याचा नंबर लावला, आणि कर्ण्यातून टिक-टिक घुमली. टाळ्या पडल्या, फोटो निघाले. बायडाबाईसुद्धा पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. कर्णा भीमराजनंच बांधला होता, आवाजही त्यानंच जुळवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो टाकीवर चढला. मादीच्या पट्ट्याचा नंबर लावला. काहीच नाही. बटण वर-खाली केलं. पेटीची बॅटरी बदलली. वायर उघडून नवा डाग दिला. मोटारसायकलवर माळावर गेला, टेकाडावर चढून चारी दिशांना अँटेना धरली. आडवी धरून बघितली, उभी धरून बघितली. जादा पट्टा समोर ठेवून पेटी तपासली, तर तो खणखणीत वाजत होता. म्हणजे पेटी शाबूत, वायर शाबूत, अँटेना शाबूत. उरलं काय? भीमराजला ते माहीत होतं. टेकाडावर उन्हात बसून त्यानं काकासाहेबांना फोन लावला.

“लांब गेली असेल,” काकासाहेब म्हणाले. “आवाज नाही याचा अर्थ काय? इकडं नाही. लोकांना तेवढं सांग. आणि सारखं चुंबक-चुंबक करू नकोस. पत्रिकेत छापलंय, पेपरात आलंय.”

घरी आल्यावर त्यानं गीताबाईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापता थापता थांबली. म्हणाली, “मॅडमला फोन लावा.”

“लावतो.”

“आन लोकांला सांगा, की कळंना म्हणून. त्यात काय लाज?”

लाजच होती ना. दोन वेळा त्यानं मॅडमचा नंबर काढला आणि फोन खिशात टाकला. मॅडम पहिला प्रश्न विचारणार, तुम्ही त्या दिवशी मान का डोलावली? आणि वस्तीवर काय सांगणार? वाघ सोडलाय, पण कुठं आहे ते मला माहीत नाही? ज्या तोंडाकडं बघून बाया पाऊल उचलत होत्या, त्या तोंडानं हे कसं म्हणायचं? नोकरी गेली असती, ते तर होतंच. पण खरं सांगायचं तर नोकरीपेक्षा त्याला टाकीखालच्या त्या माणसांची चटक लागली होती.

पुढचे चाळीस दिवस तो रोज सकाळी टाकीवर चढला. मुकी पेटी कानाला लावून गोल फिरला. खालून बायडाबाईनं विचारलं, “कुठशीक हाय रं?” आणि त्यानं सांगितलं, “इकडं न्हाई मावशी.”

आधी आधी जीभ अडखळायची. मग अडखळेनाशी झाली. मग एखाद्या सकाळी त्याला स्वतःलाच खरं वाटायला लागलं. नाहीतरी कुणाचं कुत्रं गेलं नव्हतं, शेरडी गेली नव्हती. गेली असेल राहुरीकडं, गेली असेल डोंगराला. माणसाला खोटं पचायला लागलं की त्याला भूकही नीट लागते. भीमराज त्या दिवसांत व्यवस्थित जेवत होता. गीताबाईनं मात्र त्याला विचारणं सोडून दिलं. ती स्वतः गवताला जाईना, शेजारणीकडून कडबा आणायची. एवढं बायकोनं केलं, तरी हा पठ्ठ्या टाकीवर चढतच होता.

एकेचाळिसाव्या दिवशी बायडाबाईनं दोनदा विचारलं. “नक्की ना रं भीमा? कालव्याच्या अंगाला काल शेरडं बुजली हुती.”

तेव्हा एक शब्द पुरला असता. तेव्हा ‘नको जाऊस’ एवढं म्हटलं असतं, कारणबिरण काही न सांगता, तरी ती बडबडत मागं फिरली असती. भीमराज म्हणाला, “शेरडं कशालाबी बुजत्यात. जा तू.”

दुपारी बाराच्या सुमाराला ती सापडली. गवताचा भारा बांधून झाला होता, उचलायचा तेवढा राहिला होता. उसाच्या पहिल्याच सरीत ती पालथी पडलेली. तिची सून रेश्मा आधी धावली, मग सगळी वस्ती. भीमराज मागून आला. त्यानं तिचं लुगडं नीट केलं आणि तिथंच चिखलात बसून राहिला. कुणी त्याला उठ म्हटलं नाही, कुणी मारलंही नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं तो पुढं गीताबाईला म्हणाला.

पिंजरे लागले. नवव्या दिवशी मादी सापडली. दीपा मॅडम देहरादूनहून आल्या. भूल दिल्यावर त्यांनी तिच्या मानेखाली हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग चिकटपट्टी सोलली. चुंबक जसंच्या तसं होतं, मळानं काळं झालेलं. ते बाजूला केलं, तशी शेजारी ठेवलेली पेटी टिक-टिक करायला लागली. स्वच्छ, ठणठणीत आवाज. पट्ट्यात कसलाही दोष नव्हता. पन्नास दिवस बॅटरी जपून ठेवली होती त्यानं.

काकासाहेबांनी अहवाल आधीच टाइप करून आणला होता. ‘मागकाढू कर्मचारी भीमराज पातारे यांच्या नजरचुकीने चुंबक काढावयाचे राहून गेले.’ खाली सहीला जागा.

मॅडमनी कागद वाचला आणि भीमराजला विचारलं, “तुम्हाला माहीत होतं?”

“व्हय.”

“पहिल्या दिवसापासून?”

“व्हय मॅडम. यांनी थांब म्हनलं म्हनून थांबलो. पुढं माझंच तोंड उघडलं न्हाई.”

मॅडम काकासाहेबांना खूप बोलल्या, पुण्याला पत्रही लिहिलं. त्याचं एवढंच झालं, की काकासाहेबांना संस्थेनं विदर्भातल्या मोठ्या प्रकल्पावर पाठवलं, तिथं त्यांना गाडी आहे म्हणतात. भीमराजनं कागदावर सही केली. ‘नजरचुकीने’ या शब्दावर त्यानं बोट ठेवलं होतं, ते खोडा म्हणणार होता, पण तेवढंही म्हणाला नाही. त्याला काढलं नाही, कारण टाकीवर चढायला दुसरं कुणी तयार नव्हतं. ती मादी कायमची पिंजऱ्यातल्या मुक्कामाला गेली.

फाल्गुनात त्याच शिवारातल्या दुसऱ्या एका नराला पट्टा घातला. या वेळी मंडप नाही, पाहुणा नाही. भीमराजनं स्वतःच्या हातानं चुंबक काढलं, तीनदा ठोके ऐकले, वहीत वेळ लिहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीवर चढला. खाली कुणीही थांबलेलं नव्हतं. बाया विळे घेऊन टाकीखालून जायच्या, पण मान वर करायच्या नाहीत.

आठवड्याभरानं एका सकाळी पेटी जोरात वाजली. कालव्याच्या अंगाचा ऊस, जास्तीत जास्त दीडशे पावलं. त्यानं अँटेना उतरवली, आवाजाचं बटण कमी केलं, तरी ठोके पडत होते. रेश्मा आणि तिची जाऊ त्याच उसाकडं निघाल्या होत्या. तो शिडीवरून धडपडत उतरला आणि आडवा गेला.

“रेश्मा, जाऊ नको. हाय तिथं. हे बघ, ऐक.” त्यानं पेटी तिच्या कानाशी धरली.

रेश्मानं ऐकलं. टिक-टिक, टिक-टिक. मग ती म्हणाली, “ह्यो आवाज कार्यक्रमातबी वाजला हुता, भाऊजी. आमच्या आत्याबाईनं टाळ्या वाजिवल्या हुत्या.”

“आता खरा हाय. लेकरांची शपथ.”

“तुमी न्हाई म्हनला तवा हुता. आता हाय म्हनताय.” तिनं विळा या हातातून त्या हातात घेतला. “बाजूला व्हा, म्हशीला वैरण न्हाई.”

त्याच्या बाजूनं वळसा घालून दोघी उसात शिरल्या. भीमराज बांधावर उभा राहिला. ओरडत राहिला, डबा वाजवत राहिला. ठोके जराही कमी-जास्त होत नव्हते. जनावर तिथंच कुठंतरी सरीत पोट टेकून पडलेलं होतं. देवाधर्माचं फारसं न करणारा माणूस, पण त्यानं त्या तासाभरात कुणाकुणाला हात जोडले त्याची गणती नाही.

तासानं दोघी भारे डोक्यावर घेऊन बाहेर आल्या. धडधाकट, घामाघूम. जाऊ त्याच्याकडं बघून हसली.

“कुठं हाय वाघ?” म्हणाली.

रेश्मा सरळ वस्तीकडं चालत गेली आणि टाकीखाली भांडी घासत बसलेल्या बायांना तिनं सांगितलं, की तिथं काही नाही, भीमराज उगाच घाबरवतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी त्याच जागी वाजत होती, आणि त्या उसात सात बाया शिरल्या.